दुसऱ्या कंसातला आकडा का सोडता येत नाही

सी भाषेत एकमितीय ॲरे फंक्शनला देणं बहुतेकांना लवकर जमतं. ॲरेचं नाव लिहायचं, सोबत किती घटक आहेत तो आकडा द्यायचा, झालं. द्विमितीय ॲरेपाशी मात्र गाडी अडते. वर्गात नियम सांगितला जातो: पॅरामीटर लिहिताना पहिला चौकोनी कंस रिकामा ठेवला तरी चालतो, दुसरा भरावाच लागतो. विद्यार्थी तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे स्वतःचा प्रोग्राम लिहिताना दोन तारे लावून पाहतात, टाइप-कास्ट करून पाहतात, शेवटी ॲरे ग्लोबल करून मोकळे होतात. नियम खरा आहे. पण तो का आहे हे एकदा उमगलं की पाठ करण्यासारखं काही उरत नाही, आणि त्याला चिकटून येणारी बाकीची कोडीही सुटत जातात. म्हणून इथे सगळा भर त्या 'का'वर आहे.

खालचा कोड देवनागरीत लिहिला आहे, म्हणजे वाचताना लय तुटणार नाही. इंट, व्हॉइड, फॉर, साइझऑफ हे शब्द कंपायलरला देताना नेहमीच्या रोमन लिपीतच टाइप करा. 'र' म्हणजे रांगेचा क्रमांक, 'क' म्हणजे कॉलमचा, आणि दोन्ही शून्यापासून सुरू होतात.

मेमरीत तक्ता नसतो

समजा तीन विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाचे चार विषयांचे गुण ठेवायचे आहेत.

```
इंट गुण[३][४];
```

फळ्यावर आपण याचा तक्ता काढतो: तीन आडव्या रांगा, चार उभे कॉलम. मेमरीला आडवं-उभं कळत नाही. तिथे एकामागोमाग एक बाइट असतात आणि प्रत्येकाला एक पत्ता असतो. त्यामुळे हा तक्ता मेमरीत सरळ एका ओळीत मांडला जातो: आधी पहिल्या विद्यार्थ्याचे चार गुण, त्याला लागून दुसऱ्याचे चार, त्याला लागून तिसऱ्याचे चार. एकूण बारा इंट. एक इंट चार बाइटचा धरला तर ४८ बाइट.

ॲरे १००० या पत्त्यापासून सुरू होतो असं समजू. शून्यावी रांग १००० ते १०१५, पहिली १०१६ ते १०३१, दुसरी १०३२ ते १०४७. आता गुण[२][३] कुठे सापडेल? दोन रांगा ओलांडायच्या, म्हणजे २ × ४ = ८ इंट. त्या रांगेत आणखी ३ पुढे जायचं, म्हणजे ११ इंट. ११ × ४ = ४४ बाइट. पत्ता १०४४.

या हिशेबात कोणते आकडे लागले ते पुन्हा पाहा. सुरुवातीचा पत्ता लागला, रांगेचा क्रमांक लागला, कॉलमचा क्रमांक लागला आणि एका रांगेत किती कॉलम आहेत तो ४ लागला. रांगा एकूण किती आहेत, तो ३ कुठेच लागला नाही. नाट्यगृहात सगळ्या खुर्च्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग क्रमांक दिले असतील, तर पाचव्या रांगेतल्या सातव्या खुर्चीचा क्रमांक काढायला एका रांगेत किती खुर्च्या आहेत हे कळावंच लागतं. मागे एकूण किती रांगा आहेत हे न कळताही काम होतं. दुसरा कंस भरावा लागतो आणि पहिला सोडता येतो याचं कारण एवढंच आहे.

हा काही सी बनवणाऱ्यांचा हट्ट नव्हे. फोरट्रान भाषेत मांडणी उलटी असते: आधी पहिला कॉलम वरपासून खालपर्यंत, मग दुसरा. म्हणून तिथे सबरूटीनला ॲरे देताना शेवटच्या मितीचा आकडा मोकळा सोडता येतो आणि आधीच्या द्याव्या लागतात. मांडणी बदलली की सोडता येणारा कंस बदलतो.

नाव लिहिलं की काय जातं

फंक्शनला ॲरे दिला असं आपण म्हणतो, पण सीमध्ये ॲरे कधीच जात नाही. ॲरेचं नाव एखाद्या पदावलीत वापरलं की कंपायलर त्या जागी त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता घेतो. याला ठळक अपवाद दोन: साइझऑफ आणि पत्ता काढणारं & हे चिन्ह. बाकी सगळीकडे, म्हणजे फंक्शनला देतानाही, नावाचा पॉइंटर, म्हणजे पत्ता धरणारी किंमत, होतो.

हा विचित्र वाटणारा नियम कुठून आला याची हकिगत सांगण्यासारखी आहे. सीच्या आधी बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांची बी भाषा होती. बीमध्ये दहा घटकांचा व्हेक्टर जाहीर केला की दहा जागा मिळत आणि शिवाय एक वेगळी जागा मिळे, जिच्यात त्या दहांपैकी पहिलीचा पत्ता लिहून ठेवलेला असे. सी घडवणारे डेनिस रिची १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या भाषेत टाइप आणत होते, तेव्हा त्यांना स्ट्रक्चर हवं होतं, आणि ते डिस्कवरच्या माहितीशी बाइटला बाइट जुळायला हवं होतं. त्या वेळच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली एक नोंद म्हणजे एक पूर्णांक आणि त्याला लागून १४ अक्षरांचं नाव. या १४ अक्षरांच्या ॲरेसाठी पत्ता ठेवणारी जादा जागा कुठून आणायची? डिस्कवर ती नव्हतीच. रिचींनी ती जागाच काढून टाकली आणि ठरवलं की पत्ता साठवायचा नाही, ॲरेचं नाव वापरलं जाईल त्या क्षणी तो तयार करायचा. १९९३ साली लिहिलेल्या सीच्या इतिहासात त्यांनी हा प्रसंग स्वतः सांगितला आहे, आणि टाइप नसलेल्या बीसीपीएल या जुन्या भाषेपासून टाइप असलेल्या सीपर्यंतच्या प्रवासातली निर्णायक उडी त्यांनी यालाच म्हटलं आहे. आज आपण फंक्शनला ॲरे देतो तेव्हा त्या १४ अक्षरांसाठी काढलेल्या तोडग्यावरच चालत असतो.

आता खरा प्रश्न. गुण या ॲरेचा 'पहिला घटक' कोणता?

एक इंट, असं उत्तर चटकन येतं. ते चूक आहे, आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. सीमध्ये द्विमितीय ॲरे म्हणून स्वतंत्र काही नाहीच. गुण हा तीन घटकांचा ॲरे आहे आणि त्याचा प्रत्येक घटक चार इंटचा ॲरे आहे. त्याचा पहिला घटक म्हणजे अख्खी पहिली रांग. म्हणून गुण या नावाचा जो पॉइंटर होतो तो 'चार इंटच्या ॲरेचा पॉइंटर' असतो. सीमध्ये तो असा लिहितात:

```
इंट (*गुण)[४]
```

हा ४ त्या पॉइंटरच्या टाइपचाच भाग आहे. इंट (*)[४] आणि इंट (*)[५] हे दोन वेगळे टाइप आहेत, जसे इंट आणि डबल वेगळे. गुण + १ म्हटलं की पॉइंटर एका रांगेने, म्हणजे १६ बाइटने पुढे सरकतो आणि १०१६वर येतो, तो या टाइपमुळेच. गुण[१][२] लिहिलं की आधी हे १६ बाइट आणि मग त्या रांगेत दोन इंट, म्हणजे ८ बाइट. १०२४.

आता ही तीन रूपं पाहा:

```
व्हॉइड छापा(इंट गुण[३][४]);
व्हॉइड छापा(इंट गुण[][४]);
व्हॉइड छापा(इंट (*गुण)[४]);
```

कंपायलरच्या लेखी तिन्ही एकच. पहिल्या दोघांचं तो तिसऱ्यात रूपांतर करतो. तिसऱ्यातले गोल कंस गाळू नका. चौकोनी कंसाची पकड ताऱ्यापेक्षा घट्ट असते, त्यामुळे इंट *गुण[४] म्हणजे 'इंटच्या पॉइंटरांचा ॲरे' होतो, आणि पॅरामीटर म्हणून लिहिला तर तो थेट इंट ** बनतो.

पहिल्या रूपातला ३ वाचणाऱ्या माणसासाठी आहे, कंपायलर तो टाकून देतो. तिथे ३०० लिहिलं तरी टाइप तोच. म्हणून दोनच रांगांचा ॲरे या फंक्शनला दिला तर भाषेच्या टाइपच्या नियमांना त्यात काही वावगं दिसत नाही, आणि आतला लूप तिसऱ्या रांगेच्या नावाखाली भलतीच मेमरी वाचतो. रांगांची संख्या वेगळी पाठवण्याला पर्याय नाही:

```
व्हॉइड छापा(इंट रांगा, इंट गुण[][४])
{
    फॉर (इंट र = ०; र < रांगा; र++)
        फॉर (इंट क = ०; क < ४; क++)
            प्रिंटएफ("%डी ", गुण[र][क]);
}
```

ही संख्या न पाठवता साइझऑफने आतच काढू, असा मोह होतो. बाहेर, जिथे ॲरे जाहीर केला आहे तिथे, साइझऑफ(गुण) / साइझऑफ(गुण[०]) म्हणजे ४८ / १६ = ३ असं बरोबर उत्तर येतं. फंक्शनच्या आत गुण हा पॉइंटर आहे. ६४ बिटी मशीनवर त्याचा आकार ८ बाइट. गुण[०] मात्र अजूनही १६ बाइटची रांगच आहे. ८ / १६, पूर्णांक भागाकार, उत्तर शून्य. लूप एकदाही फिरत नाही, एरर येत नाही, पडद्यावर काहीच छापलं जात नाही. पॅरामीटर ॲरेच्या रूपात लिहिलेला असेल तर जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर इथे इशारा देतात. तो वाचायची सवय लावून घ्यावी.

आणखी एक गोष्ट यातून निघते. पत्ता गेला, गुणांची प्रत गेली नाही. म्हणून फंक्शनमध्ये गुण[१][२] बदलला तर बाहेरचा मूळ ॲरे बदलतो. प्रतच हवी असेल तर ॲरे एका स्ट्रक्चरमध्ये ठेवून ते स्ट्रक्चर द्यावं. स्ट्रक्चर संपूर्ण उतरवून घेतलं जातं, आतल्या ॲरेसकट. ४८ बाइटसाठी हे छान आहे, मोठ्या तक्त्यासाठी फार खर्चीक.

दोन ताऱ्यांचा सापळा

एकमितीय ॲरेसाठी इंट * चालतो, तर द्विमितीयसाठी इंट ** चालेल, हा तर्क इतका साहजिक आहे की जवळजवळ प्रत्येक शिकणारा त्यातून जातो. तो का चालत नाही हे शब्दांत सांगण्यापेक्षा मेमरीत जाऊन पाहिलेलं बरं.

ॲरेच्या नावाचा पॉइंटर होतो तो एकदाच. बाहेरचा ॲरे पॉइंटर बनतो, आतली रांग रांगच राहते. इंट ** या टाइपचा अर्थ वेगळा आहे: 'या पत्त्यावर जा, तिथे तुला आणखी एक पत्ता लिहिलेला सापडेल.' आपल्या १००० या पत्त्यावर गुण लिहिलेले आहेत, पत्ते नाहीत.

समजा फंक्शन असं आहे: व्हॉइड छापा(इंट **गुण), आणि आत गुण[१][२] वाचायचा आहे. पहिल्या विद्यार्थ्याचे शेवटचे दोन गुण ७२ आणि ६५ आहेत. फंक्शन १०००पासून एका पॉइंटरइतकं, म्हणजे ८ बाइट पुढे जातं आणि १००८वर पोचतं. तिथले ८ बाइट ते एक पत्ता समजून वाचतं. तिथे प्रत्यक्षात आहेत ७२ आणि ६५, शेजारी शेजारी. आपल्या नेहमीच्या संगणकांवर लहान स्थानाचा बाइट आधी ठेवतात, म्हणून हे दोन मिळून एक मोठा आकडा होतो: ७२ + ६५ × ४२९४९६७२९६, म्हणजे २७९१७२८७४३१२. फंक्शन निमूटपणे या 'पत्त्या'वरून आणखी ८ बाइट पुढे जाऊन तिथला इंट मागतं. ती मेमरी आपल्या प्रोग्रामला बहुधा दिलेलीच नसते. ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्राम तिथेच थांबवते. सेगमेंटेशन फॉल्ट.

गणिताच्या आणि इंग्रजीच्या गुणांनी मिळून एक खोटा पत्ता तयार केला, एवढंच घडलं. टाइप-कास्ट करून कंपायलरचं तोंड बंद केलं तरी मेमरीतले ७२ आणि ६५ पत्ते होत नाहीत. पूर्वी जीसीसी अशा जागी फक्त इशारा देई आणि प्रोग्राम तयार करून देई. २०२४मध्ये आलेल्या जीसीसी १४पासून न जुळणारे पॉइंटर ही थेट एरर झाली आहे. माझ्या मते हा बदल खूप आधी व्हायला हवा होता. शिकणाऱ्यांचे किती तास वाचले असते.

मग इंट ** कधी बरोबर? मेमरीत खरोखरच पत्त्यांची एक यादी असेल आणि प्रत्येक पत्ता वेगळ्या रांगेकडे नेत असेल तेव्हा. प्रत्येक रांगेसाठी वेगळा मॅलॉक (प्रोग्राम चालताना मेमरी मागणारं फंक्शन) केला असेल किंवा रांगांची लांबी कमी-जास्त असेल, तर हीच रचना हवी. मेन फंक्शनला मिळणारं आर्गव्ही हे असंच आहे: कमांड लाइनवरचा प्रत्येक शब्द वेगळ्या लांबीचा, म्हणून प्रत्येकाचा पत्ता यादीत. नावांच्या बाबतीत हा फरक फार चकवतो:

```
कॅर नावं[५][२०];
कॅर *नावं[५];
```

दोन्हींत नावं[२] छापलं की तिसरं नाव छापलं जातं, वापरताना फरक जाणवत नाही. पण पहिलं म्हणजे सलग १०० बाइट, आणि ते कॅर (*)[२०] घेणाऱ्या फंक्शनलाच देता येतं. दुसरं म्हणजे ६४ बिटी मशीनवर ४० बाइटची पत्त्यांची यादी, अक्षरं दुसरीकडेच, आणि ते कॅर ** घेणाऱ्या फंक्शनला जातं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, कुठल्याच दिशेने.

कॉलम किती हे आधी माहीत नसेल तर

आतापर्यंत ४ हा आकडा कोडमध्येच कोरलेला होता. पण चार विषयांसाठी एक फंक्शन आणि सहा विषयांसाठी दुसरं, असं कोण लिहीत बसेल? सी भाषेच्या १९८९च्या पहिल्या मानकात याला नीट उत्तर नव्हतं. १९९९च्या मानकाने, म्हणजे सी-९९ने, ते दिलं:

```
व्हॉइड छापा(इंट रांगा, इंट कॉलम, इंट गुण[रांगा][कॉलम])
```

आत गुण[र][क] असंच लिहायचं. मघाच्या हिशेबातला ४ आता कंपायलर कोरत नाही, प्रोग्राम चालताना 'कॉलम'ची जी किंमत असेल तिने गुणतो. फक्त क्रम सांभाळायचा: मापं आधी, ॲरे नंतर, कारण ॲरेचा टाइप वाचताना 'कॉलम' हे नाव माहीत असावं लागतं. आणि इथेही 'रांगा' हा आकडा टाइपमधून गळतोच. उरतो तो इंट (*)[कॉलम].

या सोयीविषयी एक भीती पसरलेली आहे, आणि ती अस्थानी आहे. बदलत्या लांबीचे ॲरे धोकादायक, लिनक्स कर्नलमधून २०१८मध्ये ते काढून टाकले, असं सांगितलं जातं. ते खरं आहे. पण तो धोका फंक्शनच्या आत, स्टॅकवर (फंक्शनच्या स्वतःच्या चलांसाठीच्या मर्यादित मेमरीत), अनिश्चित मापाचा नवा ॲरे तयार करण्याचा आहे. माप मोठं आलं तर स्टॅक फुटतो. आपण वर कोणताही ॲरे तयार करत नाही. बाहेर आधीच असलेल्या ॲरेकडे कोणत्या मापाने पाहायचं एवढंच सांगतो. स्टॅकवर जातो तो एक पॉइंटर. मानक बनवणाऱ्यांनीही पुढे हा भेद केला: सी-११ने ही सगळीच सोय ऐच्छिक केली होती, सी-२३ने टाइपचा भाग पुन्हा सक्तीचा केला आणि स्टॅकवर असा ॲरे बनवणं तेवढं ऐच्छिक ठेवलं.

मेमरी मॅलॉकने घ्यायची असेल तरी हेच फंक्शन चालतं:

```
इंट (*गुण)[कॉलम] = मॅलॉक(साइझऑफ(इंट[रांगा][कॉलम]));
छापा(रांगा, कॉलम, गुण);
```

एकच सलग तुकडा, शेवटी मेमरी परत करणारं फ्री एकदाच. रांगेगणिक मॅलॉक आणि मग रांगेगणिक फ्री करण्याचा लूप, जो कित्येक ठिकाणी एकमेव मार्ग म्हणून शिकवला जातो, त्याची सारख्या लांबीच्या रांगांसाठी काहीही गरज नाही.

जिथे ही सोय नाही अशा जागाही आहेत. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर बदलत्या मापाचे ॲरे मानत नाही, सी++ भाषेच्या मानकात ते नाहीत. आणि आपल्याकडे कित्येक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दिसणारा टर्बो सी हा १९८०च्या दशकातला, त्याला सी-९९ कुठून माहीत असणार? तिथे इंट दोनच बाइटचा असतो हेही ध्यानात असू द्या. आपला ॲरे तिथे २४ बाइटचा होईल आणि रांगा १०००, १००८, १०१६वर सुरू होतील. आकडे बदलतील, हिशेब तोच राहील.

अशा ठिकाणी जुना, भरवशाचा मार्ग म्हणजे मेमरी सपाटच ठेवायची आणि गुणाकार स्वतः करायचा:

```
व्हॉइड छापा(इंट रांगा, इंट कॉलम, इंट *गुण)
```

आणि आत गुण[र * कॉलम + क]. गणिती कामाच्या मोठ्या लायब्ऱ्या हाच मार्ग धरतात. मॅट्रिक्सच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या ब्लास या संचातली फंक्शनं मॅट्रिक्सच्या पत्त्यासोबत एलडीए नावाचा एक आकडा मागतात. नवख्याला तो कशाला हवा ते कळत नाही, कारण रांगा आणि कॉलम तर आधीच दिलेले असतात. रांगेनुसार मांडणी असेल तेव्हा एलडीए म्हणजे एका रांगेच्या सुरुवातीपासून पुढच्या रांगेच्या सुरुवातीपर्यंत किती घटक ओलांडायचे तो आकडा. आपल्या दुसऱ्या कंसातलाच आकडा. तो वेगळा मागितल्यामुळे मोठ्या मॅट्रिक्समधला मधलाच एक चौकोन उचलून, प्रत न करता, फंक्शनला देता येतो.

सपाट मार्गात एक खाच आहे. मूळ ॲरे गुण[३][४] असा जाहीर केला असेल आणि &गुण[०][०] देऊन आत बाराही घटकांवरून फिरलं, तर व्यवहारात ते बहुधा चालतं. पण मानक काटेकोर वाचलं तर तो पॉइंटर पहिल्या चार इंटच्या रांगेतला आहे, आणि रांगेबाहेर जाऊन वाचण्याची हमी मिळत नाही. मानकाच्या परिशिष्टात याचं उदाहरणच दिलं आहे: ॲरे [४][५] मापाचा असेल तर [१][७] हा घटक मागणं अव्याख्यायित वर्तन, म्हणजे काय होईल याची भाषा हमी देत नाही, जरी त्या जागी खरोखरच ॲरेमधलाच इंट असला तरी. कोड वेगवान करणारे ऑप्टिमायझर अशा नियमांवर विसंबून कोड बदलतात, म्हणून मी सपाट वापरायचं असेल तर मेमरीही सुरुवातीपासून सपाटच घेतो: इंट गुण[१२], किंवा मॅलॉक.

तीन मितींबद्दल वेगळं फार सांगण्यासारखं नाही. दोन सत्रांचे गुण ठेवले, इंट गुण[२][३][४], तर पहिला घटक म्हणजे एका सत्राचा पूर्ण तक्ता, पॉइंटर इंट (*)[३][४], आणि सोडता येतो तो फक्त पहिला कंस.

कॉन्स्टचं, म्हणजे 'ही किंमत बदलणार नाही' असं सांगणाऱ्या शब्दाचं, मात्र सांगायला हवं, कारण तिथे चूक तुमची नसते. फंक्शन गुण नुसते वाचतं म्हणून तुम्ही शिस्तीने कॉन्स्ट इंट गुण[][४] असं लिहिता, साधा ॲरे देता, आणि काटेकोर तपासणी चालू असलेला जीसीसी कुरकुर करतो. एकमितीय ॲरेला हे अगदी सहज चालतं. सी-२३च्या आधीच्या मानकांत कॉन्स्ट रांगेतल्या इंटला लागू होई, रांगेला नव्हे, त्यामुळे 'रांगेचा पॉइंटर'पासून 'कॉन्स्ट इंटच्या रांगेचा पॉइंटर'पर्यंत आपोआप जाता येत नसे. सी-२३ने ही उणीव दूर केली. जुन्या मानकावर काम असेल तर कॉल करताना कास्ट करणं किंवा कॉन्स्ट सोडणं, यातलं एक निवडावं लागतं. मी कास्ट करतो, कारण फंक्शनच्या आतली हमी मला मोलाची वाटते.

स्वतः पाहा

हे सगळं पडताळून पाहायला दहा ओळींचा प्रोग्राम पुरतो. गुण, गुण[०], &गुण[०][०] आणि &गुण, या चौघांचे पत्ते %पी वापरून छापा. चौघांचा पत्ता एकच येईल. आता प्रत्येकात १ मिळवून पुन्हा छापा. गुण + १ हा १६ बाइट पुढे जाईल. गुण[०] + १ आणि &गुण[०][०] + १ चार बाइट पुढे जातील. &गुण + १ थेट ४८ बाइट पुढे. जागा एक, टाइप वेगळे, म्हणून पावलाची लांबी वेगळी.

यातलं शेवटचं, &गुण, फंक्शनला देण्यासाठी क्वचित वापरलं जातं, पण मला ते फार उपयोगी वाटतं. त्याचा टाइप इंट (*)[३][४], म्हणजे पूर्ण तक्त्याचा पॉइंटर, आणि त्यात ३ शाबूत आहे. फंक्शन असं लिहा:

```
व्हॉइड छापा(इंट (*गुण)[३][४]);
```

आणि कॉल करा छापा(&गुण). आत घटक (*गुण)[र][क] असा घ्यावा लागतो, थोडं लिहायला जड. पण त्या बदल्यात साइझऑफ(*गुण) फंक्शनच्या आतही ४८ देतं, आणि कोणी चुकून दोन रांगांचा ॲरे दिला तर टाइप जुळत नाही म्हणून कंपायलर तिथेच हटकतो. बुद्धिबळाचा [८][८] पट किंवा ग्राफिक्समधली [४][४] मॅट्रिक्स, जिथे मापं कधीच बदलणार नाहीत, तिथे मी हाच टाइप वापरतो.